नमुना एकशे सतराची पाने

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, हिवतापाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त, अविवाहित, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. धाकट्या भावाला ते साठ वर्षांत जमले नाही.

१. राहते दोन खोल्यांचे घर भावाला. मी असेपर्यंत त्याने खोल्यांची मापे घ्यायला येऊ नये.

२. आमच्या निवृत्त मोठ्या साहेबांना माझी छत्री. त्यांनी तीस वर्षे उंटावरून शेळ्या हाकल्या. ऊन लागले असेल.

३. सूक्ष्मदर्शक, पुस्तके, बँकेत असेल ते आणि हिरवी नोंदवही भाचीला. ती माझ्याच जुन्या टेबलावर काम करते.

४. या वहीबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे. चाळीस वर्षांपूर्वी आम्ही झाडपाल्याचे अर्क काढून हिवतापाच्या जंतूंवर तपासत होतो. पाला आणून देणारा रोजंदारीवरचा माणूस डोंगरातला, म्हणून सगळे त्याला डोंगऱ्या म्हणत. त्याची बहीण हिवतापाने गेली होती. प्रत्येक पिशवी देताना तो विचारायचा, "यात काही आहे का, बाई?" एकशे सोळा वेळा मी नाही म्हटले. एकशे सतराव्या अर्काने बशीतल्या रक्तातले जंतू दोन दिवसांत मेले. मी तीनदा मोजून पाहिले आणि हो म्हटले. तो दाराशीच खाली बसला आणि रडला. नंतर रोज संध्याकाळी आम्ही खिडकीजवळ चहा घ्यायचो. तसा चहा मला पुन्हा मिळाला नाही.

पुढे त्याने तीच पाने पाचदा आणली. जंतू ढिम्म. साहेबांनी जाब विचारला, तेव्हा मी म्हटले, पालाच चुकीचा आला असणार. त्याला बोलावले. तो म्हणाला, "बाई, झाड तेच, फांदी तीच. तुमच्याकडे काहीतरी बदललंय."

"नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हटले. सगळे हसले. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही, आणि साहेबांनी एकशे सतरावर काट मारली.

गेल्या वर्षी वही चाळताना पहिल्या चाचणीच्या समासात माझेच अक्षर दिसले : ओव्हन बिघडलेला, पाने खिडकीत सावलीला वाळवली. नंतरच्या पाचही वेळा ओव्हन दुरुस्त होऊन आलेला होता. पानांत जे काही होते ते मीच भाजून टाकले असणार. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली.

भाचीने ती पाने सावलीत वाळवून चाचणी पुन्हा करावी, आणि निकाल काहीही लागो, अहवालात पहिले नाव त्याचे घालावे. अडचण एवढीच की झाड कुठले ते फक्त त्याला ठाऊक. जपून ठेवलेली फांदी कधीच वाळवीने खाल्ली. आम्ही पाल्याला नंबर दिले, झाडाचा ठावठिकाणा विचारलाच नाही.

५. डोंगऱ्याला मी काहीही ठेवत नाही. वकीलबाई सांगतात, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. आणि मला तो साक्षीदार म्हणून हवा आहे. वारस म्हणून तो आला असता, तोवर मी नसते. साक्षीदाराला मात्र मी सही करताना समोर असावे लागते. भाचीने त्याचा पत्ता शोधला, पत्र टाकले आहे. तो येऊन कलम चार वाचेपर्यंत मी सही करणार नाही. मला त्याची फार आठवण येते. माझ्याही खिडकीपाशी दोन खुर्च्या आहेत, आणि दुसरीवर मी कोणाला बसू देत नाही. भावाला वाटते, तिचा पाय मोडला आहे.

लिहून पुरे केले : राहत्या घरी, ३ मार्च.

सही केली : त्याच घरी, खिडकीजवळ, ११ एप्रिल, दोन्ही साक्षीदारांसमक्ष.

साक्षीदार पहिले : शेजारचे शिंपीकाका. (सही)

साक्षीदार दुसरे : पाला गोळा करणारे. (सही) त्याखाली त्यांच्याच हाताने : "चार नंबर वाचला. पाला आणलाय, बाई. खिडकीत सावलीला पसरलाय."