गौरीची चटई

औशाची बस गाठायची होती म्हणून मंजुश्रीनं कॅलेंडरचं पान फाडून सासूसाठी घाईघाईत चिठ्ठी लिहिली.

अव्वा, तुम्ही मठात गेल्यावर गौरीनं तुमच्या पूजेच्या चटईवर शू केली. चटई धुऊन गच्चीवर टाकलीय. पोरगी शेजारी पुनमकडं आहे. भात कुकरमध्ये.

इथं ती थांबली. चटई वाळेल, पण पोरीच्या गालावर उठलेली बोटं अव्वांना दिसणारच होती. ‘गौरी पडली’ एवढं तिनं लिहिलं आणि खोडलं. बस गेली तर जाऊ दे म्हणून खाली टेकली.

मी मारलं तिला. तुम्ही पावलांवर बसवून शू करवत होता, तेव्हा ती एकदाही चुकली नव्हती. अंगणवाडीत तुमची पावलं कुठून आणणार, असं टाकून बोलून मीच ते प्लास्टिकचं भांडं आणलं. त्यावर ती लई रडते, दाबून धरते. आता मी ‘शू’ म्हटलं की भिंतीला चिकटते. आज तुमच्याच पावलांवर बसवा. संध्याकाळी मला शिकवा. माझ्या पावलांवर बसायला नाही म्हणाली, तर तिला समजावू नका.