ग्राफिक्स कार्डाला रेग्युलेटर

आई, मागच्या रविवारी मी ते जुनं ग्राफिक्स कार्ड पुन्हा चालू केलं. तू त्याला कधी कार्ड म्हटलंच नाहीस, "ती हिरवी पट्टी" म्हणायचीस. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला तूच ते मला आणून दिलं होतंस. दुकानाशेजारच्या कॉम्प्युटरवाल्याच्या दोन जळलेल्या कूलरच्या मोटारी तू नव्या तारेनं भरून दिल्यास आणि बदल्यात त्याच्या कपाटातून हे वापरलेलं कार्ड घेऊन आलीस. बाबा गेल्यावर त्यांचं वाइंडिंगचं दुकान तू चालवायला घेतलंस, तेव्हा बाई पंखे कशी दुरुस्त करते हे बघायला गोंदियाच्या बाजारात लोक मुद्दाम थांबायचे. आणि एकदा थांबले की लाजेखातर दुसऱ्या दिवशी घरचा एखादा बंद पंखा घेऊन यायचे. दुकान त्यावरच चाललं. कॉम्प्युटरबद्दल मात्र तुझं मत ठरलेलं होतं. जे यंत्र फिरत नाही, ते काम करत नाही.

माझा प्रोजेक्ट चोरखमाऱ्याच्या तलावाचा होता. मातीची पाळ, पाणी सोडायचं तोंड, खालच्या शेतांतली धानाची बांधी, सगळं चारही बाजूंनी फिरवून दाखवता येईल असं चित्र मी काढत होतो. मे महिना, आणि कॉम्प्युटर स्वयंपाकघरात, कारण फ्रिजचा स्टॅबिलायझर तिथेच. तू वरणाला फोडणी देतेस आणि इकडे मी तलाव फिरवतो. दहा मिनिटं झाली की पाळीवर हिरवे-जांभळे चौकोन उगवतात, मग सगळं चित्र गोठतं. परीक्षा आठ दिवसांवर आली होती. चित्र फिरलं नाही तर वर्ष गेलं, एवढं साधं होतं.

"का करून राहिला गा? कपाळाले हात लावून काऊन बसला?"

"कार्ड गरम होऊन राहिलं."

"मंग त्याचा पंखा कोठी हाय?"

"याला पंखा नसते. हे असंच येते."

तू पळी खाली ठेवलीस. मी नापास होणार हे ऐकूनही तुझा चेहरा इतका बदलला नसता. "एवढं तापते, आन पंखा नाही?" म्हणत तू बोटाला थुंकी लावलीस आणि मी थांबवायच्या आत, इस्त्री पाहतात तसं, कार्डावरच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांना लावलंस. हात झटकत म्हणालीस, "इस्त्रीच होय हे. यावर तलाव काऊन काढून राहिला? कपडे प्रेस कर."

दुसऱ्या दिवशी आपण दोघं शेजारच्या कॉम्प्युटरवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "बाई, ये आपके पंखे का काम नहीं है. इसका अलग फॅन आता है, नागपूर से मंगाना पड़ेगा. पंधरा दिन." तू त्याच्या डोक्यावरच्या कूलरकडे बघत राहिलीस. तुझ्या हातच्या मोटारीवर तो मस्त गार वारा फेकत होता. तू एवढंच म्हणालीस, "पंखा पंखाच असते." त्यानंही वर पाहिलं.

त्या दुपारी तू दुकान बंद केलंस. बाबांच्या आजारपणातही उघडं राहिलेलं दुकान. भंगारातून एका बँडवाल्याच्या ॲम्प्लिफायरचा ताटलीएवढा पंखा काढलास. घरच्या दोनशे तीस व्होल्टवर थेट चालणारा, म्हणजे हात लागला की शॉक. आज मी आयटीआयमध्ये ड्रॉइंग शिकवतो. असला पंखा कुणी कॉम्प्युटरच्या पोटात बसवताना दिसला तर मी त्याला वर्गाबाहेर काढीन. तेव्हा मात्र मी टॉर्च धरून उभा होतो. छताच्या पंख्याच्या पात्याची पट्टी कापून तू तिचं पंखा धरायचं ब्रॅकेट केलंस, थरथर होऊ नये म्हणून खाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातलेस. मी शहाणपणानं म्हटलं की पंख्यानं गरम हवा ओढायला पाहिजे, पुस्तकात तसं आहे. तू सुती दोरा पंख्यासमोर धरलास आणि तो कार्डाकडे वळेल असा पंखा फिरवलास. "पुस्तक मंग वाच. आधी हवा कोणीकडं जाऊन राहिली ते पाय. पाच साल शिकून तुले दोरा धरता नाही आला." पाच नाही, तीन वर्षं, असं मी मनात म्हटलं. मोठ्यानं म्हणण्यासारखी वेळ नव्हती.

तेवढ्यावर तुझं समाधान होईना. पंखा म्हटला की त्याला रेग्युलेटर पाहिजे. एका ग्राहकानं टाकून दिलेला पाच नंबरचा काळा डबा तू कॅबिनेटच्या बाजूला दोन स्क्रूंनी ठोकलास. फिरवून पाहिला तर एकपासून पाचपर्यंत पंखा सारखाच. मी तसं म्हणालो. तू म्हणालीस, "नंबर बदलवल्यानं माणसाले बरं वाटते. पंख्याले काही नाही." पण तलाव फिरला, आई. अर्धा तास, एक तास, एकही चौकोन नाही. तू कणीक मळत मळत उभी राहून पाहत होतीस, आणि पाहत होतीस ती पंख्याकडे. तलावाकडे तू ढुंकूनही पाहिलं नाहीस.

कॉलेजच्या कॉम्प्युटरवर ते चित्र उघडेना, म्हणून आपलंच यंत्र परीक्षेला न्यायचं ठरलं. "वायर माही हाय, मी येतो," म्हणत तू रिक्षात कॅबिनेट मांडीवर घेऊन बसलीस. मी मागून सायकलवर. बाहेरगावचे परीक्षक काळ्या डब्याकडे बोट दाखवून विचारतात, "हे काय आहे?" मी म्हणतो, "सर, ती तात्पुरती व्यवस्था आहे."

दारातून आवाज येतो, "तात्पुरतं नाही होय साहेब. पक्कं होय. धा साल हालणार नाही."

परीक्षकांनी तुला आत बोलावलं. नंबर एक ते पाच स्वतः फिरवून पाहिला. "फरक तर पडत नाही, बाई." तू म्हणालीस, "नाहीच पडत. पण थंडीत तुमाले कमी करावं वाटलं तं?" ते इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. नंतर त्यांनी मला दोन प्रश्न विचारले आणि तुला तीन. तुझी तिन्ही उत्तरं बरोबर आली, माझं एक, तेही अर्धं. मी पास झालो. परत येताना तू रिक्षातून मागे वळून विचारलंस, "तू तात्पुरतं काऊन म्हटलं?" मी जोरात पेडल मारले. त्या संध्याकाळी भाजीत मीठ नव्हतं. विसरलीस की मुद्दाम, ते मी कधी विचारलं नाही.

बँडवाल्याचा पंखा आता पार जाम झालाय. म्हणून रविवारी मी इथे फुलचूरच्या घरात, स्वयंपाकघरातल्याच टेबलावर, बारा व्होल्टचा छोटासा पंखा घेऊन बसलो. कार्डावरची उष्णता वाहून नेणारी, आता वाळलेली पेस्ट खरवडली, नवी लावली, पंखा ॲल्युमिनियमच्या पात्यांवर स्क्रूनं पक्का केला. बायको म्हणाली, "याचं पुढे काय करणार?" काही नाही, म्हटलं. तलाव उघडला. दहा मिनिटांत पाळीवर जांभळे चौकोन. मी तिच्या शिवणाच्या डब्यातून दोरा आणून पंख्यासमोर धरला, आणि दोरा माझ्याकडे वळला. पंखा उलटा बसवला होता. कुणी पाहत नाही ना म्हणून मागे बघितलं, तर बायको उभी. "उलटा होता ना?" एवढंच म्हणाली.

सुलटा केल्यावर तलाव दोन तास फिरला. इतका वेळ मी तो आयुष्यात पहिल्यांदाच नीट पाहिला, आणि तेव्हा दिसलं की जास्तीचं पाणी बाहेर जायची वाट मी पाळीच्या सगळ्यांत उंच जागी काढली होती. खरा तलाव असता तर पहिल्याच पावसाळ्यात पाळ फुटून खालचं गाव धुऊन गेलं असतं. परीक्षकांनी ते पाहिलं नाही. ते तुझा रेग्युलेटर फिरवत होते.

हे पत्र वहीतच राहणार आहे, म्हणून एक गोष्ट सांगून टाकतो. मागच्या महिन्यात बैठकीतला छताचा पंखा घरघर करायला लागला. तू गेल्यावर तुझ्या खोलीतून काढून मी तो इथे लावला होता. बाजारातून मिस्त्री बोलावला. त्यानं तो खाली उतरवून उघडला आणि आतल्या तारेवरून बोट फिरवलं. "सर, ये वाइंडिंग किसने की है? ऐसा हाथ अब नहीं मिलता." मी म्हणालो, "मालूम नहीं." तुझं नाव सांगितलं असतं तर त्यानं लगेच विचारलं असतं, फिर मेरे को कायको बुलाया? आणि त्याचं उत्तर असं आहे, आई, की मला अजूनही छताचा पंखा उघडता येत नाही.