घरामागचे दगड

प्रिय दादा,

फोनवर मी वणव्याचा विषय काढला की तुझ्याकडची रेंज जाते. तीनदा असं झालं. चौथ्यांदा फोन करण्यापेक्षा म्हटलं, सरळ कागद घ्यावा.

आई बरी आहे. गुडघे तसेच, तोंडही तसंच. गोळी मी दिली तर कडू लागते, शेजारच्या काकूंनी दिली तर लागत नाही. जायच्या आदल्या दिवशी तू बसवलेला नळ अजून गळतो, खाली बादली ठेवली आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला ती अजून तेच सांगते, की सगळी टेकडी जळाली पण माझ्या लेकाने घराला झळ लागू दिली नाही. पूर्वी हे सांगताना ती पुढे सरकून बसायची. हल्ली एका दमात सांगते आणि काहीतरी काम काढून आत निघून जाते. हे मी उगाच लिहीत नाही. डब्यातली बिस्किटं कोणी खाल्ली ते मी मुंग्यांच्या रांगेवरून सांगायचे आणि तू मला फौजदार म्हणायचास. ती खोड गेलेली नाही. उलट आता तिचाच पगार मिळतो.

तुला माहीत नसेल, कारण तू तोवर ट्रेनिंग सेंटरवर बदली घेऊन गेला होतास. वणवा विझल्यावर महिन्याभराने वनखात्याच्या साहेबांनी मला टेहळणीच्या मनोऱ्यावरून खाली बोलावलं. म्हणाले, "आग कुठून लागली आणि कशी पसरली, ते कागदावर हवंय. आगीच्या तपासाचा तो सहा आठवड्यांचा कोर्स केलेली तू एकटीच आहेस." मी म्हटलं, साहेब, त्या दिवशी टेकडीच्या धारेवर माझाच भाऊ वणवा विझवणारी टोळी घेऊन उभा होता, हे काम मला देऊ नका. ते हसले. "मग बरंच आहे की. त्याचं तर कौतुकच लिहायचंय." मला त्यांचं हसणं आवडलं नाही, पण मी फाईल घेतली. खरं सांगते, मला वाटलं होतं आठवड्याचं काम आहे.

पहिला संशय मला लाकडाच्या वखारवाल्यावर आला. वणव्याच्या आदल्या दिवशी त्याने आपले दोन्ही ट्रक खालच्या वस्तीतून हलवले होते, आणि त्या जागेवर त्याचा डोळा आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. आठ दिवस मी त्याच्या मागे होते. शेवटी निघालं काय, तर मेव्हण्याचं घरसामान हलवायला ट्रक गेले होते. मेव्हण्याने मला सोफ्यावर पडलेला ओरखडासुद्धा दाखवला. मी तोंड पाडून परत आले.

मग राहिला वेल्डर. त्याच्याबद्दल शंका घ्यायला जागाच नव्हती, कारण तो स्वतःच सांगत होता. खाणीजवळच्या पाण्याच्या टाकीची लोखंडी शिडी तुटली होती, ती तो दुपारी बाराला जोडत होता. खाली गुडघाभर वाळलेलं गवत. ठिणगी पडली, त्याने पोतं आपटलं, पाणी मारलं, पण ती त्याला आवरली नाही. ती जागा त्यानेच मला दाखवली. वेल्डिंगच्या कांड्यांची थोटकं अजून तिथे पडलेली आहेत. मी फोटो काढत होते आणि तो माझ्या मागे हात बांधून उभा होता, शाळेत शिक्षा झाल्यासारखा.

त्याचं काय झालंय ते तू पाहिलं नाहीस. दुकानाचं शटर त्या दिवसापासून खाली आहे. शटरवर कोणीतरी कोळशाने "खुनी" लिहिलं. त्याने ते पुसलं नाही. बायको किराणा आणायला दोन थांबे पुढे जाते. खालच्या वस्तीतली सतरा घरं गेली आणि सिस्टर गेल्या, आणि लोकांच्या हिशेबी हे सगळं त्याने केलं. सिस्टर आठवतात ना? तुला आणि मला दोघांनाही त्यांनीच या जगात ओढून काढलं आणि पुढे वर्षानुवर्षं सुया टोचल्या. रिटायर झाल्या तरी लोक त्यांना सिस्टरच म्हणायचे. त्या दिवशी वस्तीतलं एकेक दार वाजवून त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं. रस्त्यावर आल्यावर त्यांना बहिरा शिंपी दिसला नाही, म्हणून त्या परत आत गेल्या. शिंपी दुसऱ्या वाटेने केव्हाच निघून गेला होता. तो आता कोणाशी बोलत नाही. वेल्डर मात्र एकदा ऑफिसात आला आणि माझ्या टेबलापाशी उभा राहून म्हणाला, "ताई, माझंच नाव लिहायचंय ना, मग लिहून टाका. वाट बघवत नाही."

त्याच दिवशी मी लिहून टाकलं असतं. पण कोर्समध्ये शिकवलं होतं की आगीचा माग शेवटपर्यंत चालून बघायचा, बसल्या जागेवरून नाही. म्हणून मी टाकीपासून धारेकडे चढायला लागले. ही विद्या सोपी आहे, तुलाही माहीत असेल. ज्या अंगाने आग येऊन भिडते, ते दगडाचं अंग काळं पडतं. मागचं अंग त्यामानाने स्वच्छ राहतं. टाकीपासून वरपर्यंत एकूणएक दगड टाकीच्या बाजूने काळा. मी खुणेच्या झेंड्या रोवत धारेवर पोचले, जिथे तुझ्या टोळीने फावड्यांनी गवत खरवडून जाळरेषा काढली होती. आणि रेषेच्या पलीकडे, दादा, पिवळं गवत जसंच्या तसं उभं होतं. वेल्डरची आग तुझ्या रेषेवर येऊन थांबली होती. मला इतका अभिमान वाटला तुझा, की मी तिथेच बसून डबा खाल्ला.

शेवटचा घास घेताना डोक्यात आलं, की आग इथे थांबली, तर खालची वस्ती कशाने जळाली?

सगळे म्हणतात वणवा धार ओलांडून गेला. मी दोन दिवस धार पायाखाली घातली. कुठेच ओलांडलेला नाही. मग मी दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. सिस्टरच्या दारातून उलटी वर चालत निघाले, दगड बघत. दगडांनी मला आपल्या अंगणाखाली आणून सोडलं. तिथे आग चार-पाच ठिकाणी एकदम सुरू झालेली दिसते, वरून निखारे पडल्यासारखी. मी अंगण ओलांडून घराच्या मागे गेले. त्या टोकाला खडक आहे, तिथे तुमची रेषा अर्धवट राहिली होती हे मला ठाऊक होतं. कुंपणाच्या भिंतीपलीकडे तीस पावलं लांबीचा जळालेला पट्टा आहे, सुतात आखल्यासारखा सरळ. आणि तिथले दगड टाकीच्या बाजूने काळे नाहीत. घराच्या बाजूने काळे आहेत.

मी तीन वेळा मोजलं, तीन वेगवेगळ्या दिवशी. चौथ्यांदा नुसतीच जाऊन उभी राहिले. वणवा सरळ रेषेत पेटत नाही. सरळ रेषेत माणूस पेटवतो.

मग मला सगळ्यांचाच संशय यायला लागला. तुझ्या टोळीच्या शेडमध्ये गेले तर गप्पा बंद. पूर्वी मीच चहा मागायचे, आता न मागता कप पुढे येतो. मिशीवाल्याला सहज विचारलं, साडेतीनला दादा कुठे होता? तो कपात बघून म्हणाला, "पाणी आणायला गेला होता." तासाभराने टँकरच्या ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, "वायरलेसची बॅटरी बदलायला." दोघांनाही आठवत नसतं, तर माझा विश्वास बसला असता. शेडच्या फळीवर तुमच्या तीन डिझेलच्या झाऱ्या असतात, उलटी आग लावायच्या, म्हणजे वणवा पोचायच्या आत त्याच्यापुढचं गवत आपणच जाळून टाकायच्या. दोन नेहमीसारख्या काळ्याकुट्ट, चिकट. तिसरी साबणाने धुतलेली. दादा, तुम्ही लोक स्वतः अंघोळ करता हेच आमच्यावर उपकार. झारी कोणी कधी धुतली होती?

आईला विचारायची माझी छाती होत नव्हती. एका सकाळी ती भाजी निवडत होती तेव्हा मी विषय काढला. त्या दुपारी घरामागे कोण आलं होतं? ती म्हणाली, "कोणी नाही." माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत म्हणाली. मी तिच्यासमोर बसून भाजी निवडायला लागले. मग ती खाली बघूनच बोलली. लोकांना बाहेर न्यायची गाडी दारात उभी होती, काकू हाका मारत होत्या, आणि ही म्हणत होती की मी या घरातून हलणार नाही. काकू गेल्या. मग तू धावत आलास, पाया पडलास, ओरडलास, उचलायला गेलास तर तिने खांबाला मिठी मारली. "तो रडत होता," आई म्हणाली. "मला वाटलं धुराने." नंतर तू मागच्या दाराने बाहेर गेलास आणि तिने खिडकीतून पाहिलं. तेवढं सांगून ती म्हणाली, "मी उठले असते तर त्याला काहीच करावं लागलं नसतं." आणि निवडलेली भाजी तिने देठांमध्ये टाकली. तेव्हापासून आम्ही दोघी घरात एकमेकींना चुकवत फिरतो.

आता माझं सांगते. हे अजून कोणालाच सांगितलेलं नाही.

मनोऱ्यावरची नोंदवही माझ्याच अक्षरात आहे. तीन बावीसला तू वायरलेसवर वारा विचारलास. मी वर लावलेला वाऱ्याचा बाण बघितला आणि सांगितलं, पश्चिमेचा, हलका, स्थिर. तीन एकतीसला तू पुन्हा विचारलंस. तू कधीच दोनदा विचारत नाहीस. तिथेच मला कळायला हवं होतं की तुझ्या हातात काहीतरी आहे. मी उत्तर दिलं, तसाच आहे. वहीतही तेच लिहिलं. पण दादा, दुसऱ्या वेळी मी बाणाकडे बघितलंच नव्हतं. माझी दुर्बीण आपल्या दारावर होती. घरामागचं मला वरून दिसत नव्हतं. आई पुढच्या पायरीवर येऊन बसली होती आणि मी तिला मनातल्या मनात म्हणत होते, ऊठ गं, ऊठ. तुझ्या प्रश्नाला मी नऊ मिनिटांपूर्वीचं उत्तर दिलं. तीन चाळीसला बाणाकडे नजर गेली तेव्हा वारा फिरून उत्तरेचा झाला होता, सरळ घरावरून खालच्या वस्तीकडे निखारे नेणारा. मी वायरलेसवर ओरडून सांगितलं. तू उत्तर दिलं नाहीस. वारा नक्की केव्हा फिरला, तीन एकतीसच्या आधी की नंतर, हे मला कधीच कळणार नाही. म्हणून मी साडेतीन महिने दगड मोजत बसले होते. सगळ्यांवर संशय घेत होते, म्हणजे स्वतःकडे बघावं लागू नये.

परवानगीशिवाय उलटी आग लावायची नाही हा नियम तू मला शिकवला होतास, मी तुला नाही. तू घर वाचवायला गेला नव्हतास, घराच्या आत बसलेल्या बाईला वाचवायला गेला होतास, हे मला कळतं. तुझ्या जागी मी काय केलं असतं, हे मी स्वतःला बरेचदा विचारते आणि उत्तर आलं की पायात चपला घालून बाहेर पडते. पण त्यानंतर तू कौतुकाचं प्रमाणपत्र घ्यायला गेलास, टाळ्यांमध्ये उभा राहिलास, आणि शटरवर "खुनी" लिहिलं गेलं त्याच आठवड्यात बदली मागितलीस. आग दहा मिनिटांत लावली गेली. गप्प मात्र तू रोज सकाळी उठून नव्याने राहिलास. मला त्या दहा मिनिटांपेक्षा या सकाळींचा जास्त राग येतो. माझ्या स्वतःच्याही धरून.

अहवाल लिहून झाला आहे आणि सोमवारी सकाळी तो साहेबांच्या टेबलावर जाईल. त्यात पहिली आग वेल्डरच्या ठिणगीची, जाळरेषेवर थांबलेली. दुसरी टोळीप्रमुखाने विनापरवाना लावलेली, मनोऱ्यावरून न बघता सांगितलेल्या वाऱ्याच्या भरवशावर. टोळीप्रमुख आणि टेहळणी, दोन्ही पदांपुढे नावं लिहिली आहेत, आधी माझं. साहेब कदाचित म्हणतील की दुसरं पान कशाला हवं, म्हणून मी आणखी एक प्रत काढली आहे, आणि पत्र लिहायचं कारण ती प्रत आहे. शनिवारी ती मी वेल्डरच्या दुकानामागच्या घरी नेऊन देणार आहे. सिस्टर त्याच्या हातून गेल्या नाहीत, हे त्याला सरकारी कागदातून कळायला नको, आपल्या तोंडून कळायला हवं. तुझ्याकडची बस चारला येते. मी पाच वाजेपर्यंत त्याच्या दुकानासमोर उभी राहीन. काही कळवू नकोस, समजावू नकोस, नुसता ये. आलास तर आधी तू बोल, मी शेजारी उभी असेन. नाही आलास तर पाच वाजता मी दार वाजवीन आणि दोघांचंही मीच सांगेन. तिथून परत येताना माझा भाऊ माझ्याबरोबर असावा असं मला फार वाटतंय.

तुझीच,
छोटी