माझ्या निवाड्याखालची लाल रेघ

३ जून
साखरतोंड्याने आज बार रूममध्ये स्वतःहून चहा पाजला. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. साखरतोंड्या म्हणजे ताईच्या केसमधला समोरचा वकील, घरमालकातर्फे. म्हणाला, वर्डमध्ये एक ॲड-इन टाकून घ्या, लिहिता लिहिता सायटेशन, म्हणजे आपण दाखल्याला दिलेले निवाडे, तपासतं, निवाडा अजून लागू आहे की ओव्हररूल झालाय ते सांगतं, डोळे झाकून वापरा. समोरचा वकील आपल्या भल्याचं कधी सांगतो? तरी टाकून घेतलं. शत्रूचं हत्यार पाहून ठेवलेलं बरं.

४ जून, सकाळ
ताईच्या अपिलाचा लेखी युक्तिवाद लिहायला बसलो. हरलो तर ताईचं शिलाईचं दुकान जाणार. आई गेल्यावर तिने त्याच दुकानात मशीन मारून मला वकील केलं. काल विचारत होती, दुसरा कुणी वकील बघू का रे? थट्टाच असणार.

दुपार
माझा लाडका निवाडा टाईप केला. करार तोंडी असला तरी जुन्या भाडेकरूला काढता येत नाही, तो. सनद मिळाल्यापासून मी तोच वापरतोय. टाईप होतो न होतो तोच खाली लाल रेघ! आणि समासात चौकट: ‘हा निवाडा मोठ्या खंडपीठाने रद्द ठरवला आहे. याच मुद्द्यावर भाडेकरूच्या बाजूने नवा निवाडा पाहा.’ भाडेकरूच्या बाजूने? आणि यंत्र सुचवलं कुणी, तर घरमालकाच्या वकिलाने? इथेच कुठेतरी पाणी मुरतंय.
चौकटीखाली उत्तर द्यायची सोय आहे. लिहिलं: ‘तुला कुणी पाठवलं?’ काही बोललं नाही. गप्प बसणारा साक्षीदार हमखास काहीतरी लपवत असतो.

६ जून
यंत्राची उलटतपासणी घेतली. मनाने रचलेला एक निवाडा टाकला. ‘आढळला नाही’ म्हणे. केवढा तो फाजील आत्मविश्वास! मग मी स्वतः सपशेल हरलो होतो तो निवाडा टाकला. लगेच हिरवी खूण, ‘आजही लागू’. माझे पराभव बरे पाठ आहेत याला. संशय पक्का.
बायको म्हणाली, अहो, लायब्ररीत जाऊन एकदा बघून तरी या, खरंच रद्द झालाय का. हिला यांनी कधी फितवलं? लायब्ररीत जाणार नाही. गेलो तर यंत्राला वाटेल, घाबरलो.

९ जून
फाईल उघडली की लाल रेघ. ते हट्ट सोडत नाही, मग मी का सोडू? आजची माझी उत्तरं: ‘वकील मी की तू?’ ‘तुझा नवा निवाडा तूच वाच.’ ‘न्यायाधीशबाईंना एवढं खोलात जायची सवय नाही, उगाच शिकवू नकोस.’ आमच्या दोघांतलंच बोलणं असल्यामुळे मोकळेपणाने लिहिता येतं. फार हलकं वाटलं.
संकल्प: उद्यापासून यंत्राशी अबोला.

१० जून
अबोला मोडला. सुरुवात त्याने केली.

१२ जून
चौकटी घालवायची युक्ती सापडली! कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी, की समास स्वच्छ. जिरली एकदाची.
प्रिंट काढली तर अक्षर नेहमीपेक्षा बारीक, आणि उजवीकडे करडं करडं काहीतरी. प्रिंटरही त्यांच्यातलाच दिसतो. चष्मा घरी होता. सही ठोकली आणि दाखल करून टाकलं. आपलंच लिखाण पुन्हा वाचायचं म्हणजे स्वतःवर संशय घेणं. माझा स्वभाव संशयी नाही.

१९ जून
सुनावणी. मी बोलत होतो, न्यायाधीशबाई समास वाचत होत्या. चौकटी आणि खालची माझी उत्तरं, सगळं छापून गेलं होतं. मग मोठ्याने वाचू लागल्या. ‘तुला कुणी पाठवलं?’ हा प्रश्न कोर्टाला आहे का, असं मला विचारलं. साखरतोंड्याने रुमालात तोंड घातलं. खोलात जायच्या सवयीचं वाक्यही बाईंनी वाचलं. मग म्हणाल्या, वकीलसाहेब, आज तेवढी सवय मोडते. आणि तो नवा निवाडा मागवून घेतला.
मागच्या बाकावर ताई. तिच्याकडे बघवेना. माझ्यामुळे हिचं दुकान गेलं, एवढंच डोक्यात. खूप भीती वाटली. फुली मारली होती मी. नक्की मारली होती.

२० जून
ताईचे फोन आले. उचलले नाहीत. कुठल्या तोंडाने बोलू?

२६ जून
दुकान राहिलं! अपील मंजूर! ताई कोर्टाच्या जिन्यातच रडली, मलाही भरून आलं. निकालात असं आहे: ‘अपीलकर्तीच्या वकिलांचं म्हणणं मान्य करता येत नाही. समासातलं म्हणणं मात्र बिनतोड आहे.’ समासही माझ्याच कागदाचा, तेव्हा एका अर्थी ते माझंच म्हणणं.

संध्याकाळ
ताईने दुकानात चष्मा लावून निकाल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. माझ्या पाठीवरून हात फिरवला. आणि म्हणाली, हे समासातले वकील कुठे बसतात रे? पुढच्या वेळी त्यांनाच गाठू.