बाबांच्या कोटाचं दुसरं बटण

आईस, शुन्पेईचा कमरेत वाकून नमस्कार.

काय सांगू, तुझा मुलगा टोळीचा म्होरक्या झालाय. सिनेमात, घाबरू नकोस.

कपड्यांना पैसेच नाहीत, म्हणून सिनेमातल्या दोन्ही शाळांच्या टोळ्या घरून आणलेल्या गणवेशातच मारामारी करतात. तू पाठवलेला बाबांचा शाळेचा कोट मला अगदी बरोबर बसला. फक्त पितळी बटणांपैकी वरून दुसरं नव्हतं. समोरच्या टोळीतला गोंदा म्हणाला, "काय रे, शाळेच्या शेवटच्या दिवशी काळजाजवळचं बटण आवडत्या पोरीला देतात, तू कुणाला देऊन आलास?" सगळे खिदळले. मी तिथे वेगळं बटण लावायला सुई घेतली, तर दिग्दर्शिका इगाराशीबाई ओरडल्या, "हात लावू नकोस. ज्याचं बटण कुणीतरी जपून ठेवलंय, तोच माझा म्होरक्या." शेवटची मारामारी आता माझी.

ओठ जरासा सुजलाय, पण भात खाता येतो. बाबांना सांगू नकोस. त्यांचा गुडघा कसा आहे?

एक विचारू? तुमचं लग्न आत्याने जमवलं, त्याआधी तुम्ही एकमेकांना पाहिलंही नव्हतं, असं तू नेहमी सांगतेस. मग तुझ्या शिवणाच्या डब्यातलं ते पितळी बटण मला कधी खेळायलाही का दिलं नाहीस?

तुझाच,
शुन्पेई