पंचेचाळीस, अजून हिरवं

१० नोव्हें., सोम.
आज भोंगा एकदाबी वाजला न्हाई. परवापर्यंत कान फाटून राहिले होते. स्क्रीनवर गरमीचा आकडा ४४.९, मग ४५.१, मग परत ४४.८. पंचेचाळीसच्या वर गेलं की भोंगा. उठा, बटन दाबा, बसा. बसलं की परत. आमी सगळ्यांनी मिळून साहेबापुढं लई कुरकुर केली. त्यांनी कोड बदलून घेतला. आता सगळे आकडे पाचाच्या पटीत. ३५, ४०, ४५. मधलं काहीच न्हाई.
शांत वाटलं. पण बसून बसून पाय शिवशिवतात. हॉटेल सोडलं, टेम्पो सोडला, हे बी सोडीन बहुतेक.

११, मंगळ.
वैनीचा फोन. "भावजी, पुण्यात बसून टीव्ही बघायचा पगार भेटतो म्हणं तुमाला?"
म्हणलं, टीव्ही न्हाई वैनी, कोठ्या. पत्र्याच्या उंच उंच. आत सोयाबीन, सोयाबीनमधी सोडलेल्या वायरी. आत किती गरम हाय ते वायरी सांगतात, मी इथं भिंतीवर बघतो. लाल झालं की तिथल्या मुकादमाला फोन लावायचा. वारंगा फाट्याच्या कोठ्याबी त्यातच हायेत, दादा कामाला हाय त्याच.
"मग आमच्या ह्यांच्याकडं जरा नीट बघा," म्हणली. हसतच म्हणली.
नववीत शाळा सुटलेल्याला खुर्ची भेटली, गावात कुणाला पटत न्हाई.

१३, गुरु.
दादाचा सकाळचा फोन, रोजच्यावाणी. आत उतरायच्या आधी मला विचारल्याबिगर उतरत न्हाई. मुकादमाच्या केबिनमधी हीच स्क्रीन हाय, पण त्याला न्हाई विचारत.
"त्याला ट्रक भरायची घाई. त्याचं मी काहून ऐकू? तू सांग."
तीन नंबरची कोठी. म्हणलं, चाळीस.
"मग जातो."
कमरेला दोर, हातात पहार, वरच्या झाकणातून आत. औंदा काढणीला पाऊस झाला, ओलंच सोयाबीन भरलंय लोकांनी. वर पापुद्रा धरतो, तो फोडल्याशिवाय खालून माल सुटत न्हाई. पंचेचाळीसच्या वर असंल तर आत माणूस सोडायचा न्हाई, हे तिथं कोठीवरच रंगवून लिहिलंय. आत दम कोंडतो. पापुद्र्याखाली पोकळ झालं असंल तर माणूस खालीच जातो, दोर असून.

१५, शनि.
"बाळ्या, आज वास येऊन राहिला. फुटाण्याच्या भट्टीवाणी."
बघितलं. ४५. हिरवं.
"पंचेचाळीस हाय दादा. वर न्हाई गेलं."
"मग माझंच नाक बिघडलं. सर्दी झाली दोन दिस."
गेला.

१६, रवि.
सुट्टी. खोलीत जीव रमत न्हाई. चालत चालत स्टँडवर गेलो. नांदेडची गाडी उभी होती. चढलो, खिडकीशी बसलो. वारंग्याला किती वाजता जाईल ते मनातच लावून राहिलो. कंडक्टर यायच्या आधी उतरलो.
कशाला जायचं? काय सांगणार जाऊन? वास येतो म्हणून?

१७, सोम.
तीन नंबर ४५. परवा ४५, काल ऑफिसातल्या पोरांनी बघितलं तेव्हाबी ४५. हालतच न्हाई. नाचायचा तेव्हा तकलीफ होती. आता नाचत न्हाई त्याचं भ्या वाटून राहिलं.
दादा म्हणला बुटातून चटका लागतो. वर म्हणला, "तुझ्या आकड्यात बसतंय ना? मग बराबर हाय."
माझ्या आकड्यात. माझा कसला आकडा!

१८, मंगळ.
स्नेहल मॅडमला गाठलं. कोड त्याच लिहितात, वरच्या मजल्यावर. चहाच्या मशीनपाशी माझ्याशी बोलतात, बाकी कुणी बोलत न्हाई. म्हणलं, मॅडम, पंचेचाळीस म्हणजे पंचेचाळीसच ना?
"नाही. पंचेचाळीस म्हणजे पंचेचाळीसपासून पन्नासच्या आतलं काहीही."
मोबाईलवर करून दाखवलं. सत्तेचाळीसला पाचानं भागा, नऊ पॉइंट चार. पॉइंटच्या मागचं सोडून द्या. नऊ राहिले. परत पाचानं गुणा. पाच नवे पंचेचाळीस. म्हणल्या, अशी एकच ओळ आहे, सगळ्या कोठ्यांना तीच लागते.
मी म्हणलं ४९ टाका. पंचेचाळीस. मोबाईल माझ्याकडं घेतला, ४९.९ टाकलं. पंचेचाळीस.
मॅ. चहा घ्यायच्या थांबल्या.
भोंगा पंचेचाळीसच्या वर वाजतो. पंचेचाळीसच्या वरची पायरी सरळ पन्नास. मधल्या पाचात भोंग्याला काही कळतच न्हाई.
"पण खरा आकडा कुठंतरी असंल ना मॅडम? आत मशीनमधी?"
"नोंदींच्या टेबलमध्ये जातानाच पाचाच्या पटीत गोल होतो रे. खरा ठेवतच नाही."
मला आधी वाटलं आपल्याला दाखवत न्हाईत, दाबून ठेवलाय. न्हाई. न्हाईच तो. आठ दिवसातली तीन नंबरची खरी गरमी जगात कुणालाच ठावं न्हाई.

१९, बुध.
कोड बदलायला साहेबाची सही लागते, म्हणून मॅडम त्यांच्याकडं गेल्या. मला दाराबाहेर ऐकू येत होतं. "सोमवारी बघू. भोंगा बंद करा म्हणून हीच पोरं मागं लागली होती, आता चालू करा म्हणतात?" खरंच हाय. मीच सगळ्यात मोठ्यानं बोललो होतो त्या दिवशी.
मॅडमनी मुकादमाला फोन लावला, हातात धरायचं थर्मामीटर घेऊन जरा आत सोडून बघा म्हणल्या. तो म्हणला, "स्क्रीन हिरवी हाय की मॅडम. तुमीच पाठवता ना ती?"
संध्याकाळी दादाला सगळं सांगितलं. भागायचं, सोडायचं, गुणायचं. तो हसत सुटला. "पाच डिग्रीनं काय होतंय रे? मला काय ताप हाय का? पुण्याचं पाणी लागलं तुला, नवरीवाणी नाजूक झाला." मागं वैनीबी हसली.

२०, गुरु.
सकाळी फोन. "काय दाखवून राहिलं?"
४५ होतं. हिरवं.
म्हणलं, पन्नास.
तोंडातून गेलंच. दादानं विचारलं, "लाल?" "लाल." "बरं. न्हाई जात मग."
आज दोन वेळा पोटभर जेवलो. पायबी गप होते.
खरं काय असंल? ४९ बी असंल. ४५ बी. मी बी गोलच केलं, फक्त वरच्या अंगाला.

२१, शुक्र.
आजबी पन्नास सांगितलं.
दुपारी दादाचा फोन. आवाज एकदम खाली. मुकादमानं हाताला धरून केबिनमधी नेला, सगळ्या गड्यांच्या समोर स्क्रीन दाखवली. ४५. हिरवं. "भाऊ तिकडं गांजा ओढतो का रे तुझा?" सगळे हसले म्हणं.
"खोटं काहून बोललास?"
"दादा, पन्नासच असंल आत. असू शकतं."
"असंल? म्हणजे तुला ठावं न्हाई."
"न्हाई."
"मुकादमालाबी ठावं न्हाई. मग त्याच्यात अन् तुझ्यात काय फरक?"
फोन ठेवला त्यानं.

२२, शनि.
सकाळी फोन न्हाई. मी केला, उचलला न्हाई. वैनीला लावला. मुकादमाला विचारून गेले म्हणली, पण आज दोन नंबरवर हायेत. दोन नंबर ३५. जिवात जीव आला.
"वैनी, सोमवारपर्यंत तीन नंबरवर चढू देऊ नका. कायबी कारण काढा."
"कारण काय काढू, पाय मोडू का त्यांचा? तुमचं नाव घेतलं की ताटावरनं उठून राहिलेत."
मग म्हणली, "भावजी, ह्यांचा सदरा दोनदा धुतला. करपल्याचा वास जात न्हाई त्याचा."

२३, रवि.
सुट्टी होती तरी ऑफिसात येऊन बसलो. तीन नंबर ४५.
मुकादमाला ऑफिसच्या फोनवरनं लावलं. म्हणलं, कंट्रोल रूम. तीन नंबरमधी माणूस सोडू नका.
"लाल झालं का?"
"न्हाई."
"मग फोन काहून केला?"
आवाज वळखला असंल. "उद्या सकाळी तीन नंबर खाली करायचंय. ट्रक लागलेत," म्हणला, अन् ठेवला.
रात्रीची नांदेडची गाडी धरली तरी सकाळी कामाच्या आधी पोचत न्हाई. अन् इथून गेलो तर मॅडमच्या मागं कोण लागणार? स्टँडवर गेलो न्हाई. गेलो असतो तर ह्या वेळी उतरलो नसतो.
मॅडमला मेसेज केला. "उद्या सही झाली की लगेच बदलते," आला. मी लिहिलं, सहीला साहेब किती वाजता येतात?

२४, सोम.
सकाळपासून बसलोय. दादाचा फोन आला न्हाई.
मी लावला. वाजून वाजून बंद झाला. आत उतरताना मोबाईल खाली चपलांपाशी ठेवून जातो तो. पण केबिनमधी चहा पित असला तरी माझा उचलणार न्हाई. दोन्हीचं वाजणं सारखंच ऐकू येतं इथून.
मुकादमाचा लागत न्हाई. वैनी म्हणली, "डबा घेऊन गेले. कोणत्या नंबरवर ते सांगितलं न्हाई." तिला म्हणलं फाट्यावर जा, असशील तशी जा. "लेकराला घेऊन निघते," म्हणली.
साहेब अजून आले न्हाईत. वर गेलो. मॅडम एकट्याच होत्या. त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग स्क्रीनकडं. सहीबिगरच ओळ काढून टाकली.
"आता येणारा पुढचा आकडा खरा असेल. सुट्टा. आधीचे नाही बदलणार."
पळत खाली आलो. आकडा दर अर्ध्या तासाला येतो.
परत लावलाय, वाजून राहिलाय तिकडं. स्क्रीनवर जुनाच हाय अजून. तीन नंबर, पंचेचाळीस, हिरवं.