बिनआवाजाचं मशीन

ती. भाऊजींना,

साष्टांग नमस्कार. तुमची धरलेली कंबर एव्हाना सुटली असेल आणि ताईचा चष्मा सापडला असेल असं धरून चालतो (नसल्यास फ्रिजवर बघावा, मागच्या खेपेला तिथेच होता). इकडचं विचाराल तर मी बरा आहे, ही बरी आहे, अंगणातलं गवत तर फारच बरं आहे. तुमचे सासरे, म्हणजे आमचे बाबा, जेवतात, झोपतात, औषध घेतात, पण तीन आठवडे झाले, बोलत नाहीत. एक अक्षर नाही. याला कारण मी आहे असं ही म्हणते, शेजारचे निवृत्त टपालमास्तर म्हणतात, आणि आता मीही म्हणायला लागलो आहे.

आठवतं ना, गवत कापायचं ते पेट्रोलवरचं जुनं मशीन मी तुमच्या गाडीत चढवून दिलं, तेव्हा तुम्ही दोनदा विचारलंत, नक्की ना? आणि मी छाती काढून म्हणालो, न्या हो, आता जमाना चार्जिंगचा आहे. ही अवदसा मला एका दिवसात आठवलेली नव्हती. आठवडाभर बसून मी वहीत दोन रकाने आखले होते (बावीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या कचेरीत टिपणं लिहिलेला माणूस दुसरं काय करणार?). चार्जिंगच्या रकान्यात अकरा मुद्दे झाले. दोरी ओढून खांदा निखळत नाही, धूर नाही, कपड्यांना पेट्रोलचा वास नाही, तेल बदलायचं नाही, वगैरे. पेट्रोलच्या रकान्यात एकच मुद्दा होता, 'सवय', आणि तोही मी खोडला. अकरावा मुद्दा होता 'आवाज नाही'. त्याखाली मी दोन रेघा ओढल्या. भाऊजी, त्या दोन रेघा आता डोळ्यांपुढून हलत नाहीत.

पहिल्या रविवारी मशीन सुरूच होईना. पुस्तिका वाचली तेव्हा कळलं की एक छोटी लाल चावी खोचल्याशिवाय ते हलत नाही, आणि ती चावी हिने 'कुठल्या तरी खेळण्याची असेल' म्हणून बटणांच्या डब्यात टाकली होती. चावी मिळाली तर बॅटरी रिकामी, कारण इस्त्रीसाठी हिने तिचा प्लग काढून ठेवला होता. ती भरेपर्यंत दुपार झाली. मग मात्र खोटं कशाला बोलू, मशीन सुरेख चाललं. इतकं गुपचूप, की मधेच बॅटरी संपली ते मला कळलंच नाही आणि बंद पडलेलं मशीन मी चार फेऱ्या ढकलत राहिलो. टपालमास्तर कुंपणापलीकडून बघत होते. चौथ्या फेरीनंतर त्यांनी विचारलं, "व्यायाम का?" पूर्वी इंजिनाच्या घरघरीत त्यांचा शब्द माझ्यापर्यंत पोचायचा नाही. आठवड्यातला तो माझा एकमेव निवांत तास होता. आता मी गवत कापतो आणि ते मला त्यांच्या गुडघ्याचा साद्यंत इतिहास सांगतात, खिडकीतून ही सामानाची यादी सांगते, आणि ऐकू आलं नाही म्हणायची सोय उरलेली नाही. (बागेतला पाण्याचा पाइप कापला गेला तो गुडघ्याच्या पहिल्या ऑपरेशनच्या वेळी.)

हे सगळं मी सोसलं असतं. पण बाबांचा पलंग खिडकीशी आहे हे त्या अकरा मुद्द्यांत कुठेच नव्हतं. चाळीस वर्षं इंजिनं खोलणारा माणूस, पाय मोडल्यापासून त्या खिडकीतच त्यांचं सगळं जग. कानात यंत्र घालूनही माणसांचं बोलणं त्यांना धड कळत नाही, पण इंजिनाचं कळायचं. दर रविवारी जुनं मशीन अडखळलं की आतून आरोळी यायची, "चोक आत ढकल, गाढवा! पेट्रोल पितंय ते!" मी पुटपुटत ढकलायचो. मग दिवसभर त्यांची कळी खुललेली असायची, दोन घास जास्त जायचे, आणि माझ्या मूर्खपणाचा पाढा संध्याकाळपर्यंत चालायचा. तेव्हा मला त्याचा भारी राग यायचा.

त्या रविवारी त्यांनी काय पाहिलं? मी मशीनमागे चालतो आहे, गवत पडतं आहे, आणि आवाज नाही. त्यांनी कानातलं यंत्र काढून झटकलं, सेल बदलले, पलंगाच्या दांडीवर आपटलं, पुन्हा घातलं. मी पुन्हा खिडकीखालून गेलो. मग त्यांनी ते डबीत ठेवलं, झाकण लावलं आणि हिला म्हणाले, "संपलं. आता इंजिनसुद्धा ऐकू येत नाही."

आम्ही काही करायचं बाकी ठेवलं नाही! पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहून दाखवलं, 'बाबा, हे बॅटरीचं आहे, याला आवाजच नसतो.' त्यांनी ते वाचलं आणि माझ्या हातावर थोपटलं. "समजूत घालू नकोस रे," एवढंच म्हणाले. ते त्यांचं शेवटचं वाक्य. कानाचे डॉक्टर घरी आणले. ते म्हणाले, कान होते तसेच आहेत. पण यंत्र घालायला बाबा तयार नाहीत, तेव्हा ही आनंदाची बातमी त्यांना ऐकू जाणार कशी? शेवटी मी बॅटरीच काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली, स्पार्क प्लगची जागा शोधली, सापडली नाही तेव्हा परत दिली आणि भिंतीकडे तोंड केलं. मी हात टेकले, भाऊजी. परवा कपाटामागे जाऊन रडलोसुद्धा (ताईला सांगू नये).

असो. तुमच्याकडे काही मागण्यासाठी हे पत्र नाही, मन मोकळं करावं म्हणून लिहिलं. ताईला नमस्कार, पोरांच्या पाठीवर माझ्या वतीने एकेक धपाटा.

तुमचा,
अकरा मुद्देवाला मेहुणा

ता. क. जुनं मशीन परत पाठवाल का? शनिवारपर्यंत पोचलं तर बरं. बाबांनी कानातलं यंत्र घातलं नाही तरी, मशीन खिडकीखाली सुरू केलं की पलंग थरथरतो हे मला आठवतं.

ता. क. २ पातं तुमच्याकडेच राहू द्या. गवत कापायला माझं मशीन उत्तम आहे, त्याबद्दल माझं मत तसूभर बदललेलं नाही.

ता. क. ३ तुमचा हात गुणाचा, त्यामुळे तुम्ही ते दुरुस्त केलं असेल याची धास्ती वाटते. केलं असल्यास कृपा करून पुन्हा थोडं बिघडवून पाठवा. नीट चालणाऱ्या इंजिनावर बाबा कशाला ओरडतील?